सासूबाईंची मशेरी, माझी सिगारेट

तारापूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे रंगांना लागणारी रसायनं बनतात. मी शिफ्टचा प्रमुख. नवीन माणूस कामावर आला की त्याला हेल्मेट देऊन समोर बसवायचं आणि आगीबद्दल असं काही बोलायचं, की घरी गेल्यावर देवापुढचा दिवा लावतानाही त्याने दोनदा विचार करावा. हे भाषण मी फार रंगवून करायचो. ते संपलं की घड्याळात बघायचो आणि सगळ्यांच्या आधी गेटबाहेर सुटायचो. सिगारेट ओढायला.

काडेपेटी, लायटर, मोबाईल, सगळं गेटवर वॉचमनकडे ठेवूनच आत जावं लागतं. अकराच्या चहाला आम्ही चारपाच जण आपापला माल ताब्यात घेऊन रस्त्यापलीकडच्या टपरीवर उभे राहायचो. त्यात आमच्या लॅबमधला केमिस्ट माझा जोडीदार. तो बनारसकडचा, बोईसरला येऊन बरीच वर्षं झालेली. मराठी सगळं समजतो, बोलतो मात्र हिंदीच. आम्ही दोघं तिथे उभं राहून धूर सोडत सोडत कामाचे जे निर्णय घेतले, ते मीटिंगमध्ये कधी झाले नसते, असं आमचं ठाम मत होतं.

सोडायचा प्रयत्न मी केला नव्हता असं नाही. उलट सिगारेट सोडण्याचा माझा अनुभव दांडगा होता. एकदा ठरवलं, फक्त चहाबरोबर ओढायची; तेव्हा चहाच इतका वाढला की छातीत जळजळ सुरू झाली. मग ठरवलं, स्वतः विकत घ्यायची नाही; तेव्हा मी लोकांच्या खिशांकडे असा बघायला लागलो की ओळखीची माणसं मला पाहून रस्ता ओलांडायला लागली. मग ठरवलं, घरी ओढायची नाही. तर संध्याकाळी कोथिंबीर आणायला मी आपणहून निघायचो आणि पाऊण तासाने कोथिंबीर न घेताच परत यायचो.

बायको शाळेत शिकवते. आमची ओळख पालघरच्या कॉलेजातली. सिगारेट ओढताना मी तिला त्या काळी रुबाबदार वाटायचो. "तेव्हा माझे डोळे तपासायचे राहिले होते," असं ती आता म्हणते.

तिचं माहेर समुद्रकाठच्या मुरब्याचं. सासऱ्यांची होडी होती, ते गेल्यापासून मेहुणा ती चालवतो. सासूबाई आठवड्यातले बहुतेक दिवस बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसतात. आवाज खणखणीत, दात पांढरे नसले तरी भक्कम, आणि त्या दातांचं सगळं श्रेय त्या मशेरीला देतात. मशेरी म्हणजे तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. पहाटे उठल्या की बोटावर चिमूटभर घेऊन ओट्यावर बसायच्या आणि दात घासायच्या. दुपारी जेवल्यावर पुन्हा. संध्याकाळी कंटाळा आला की पुन्हा. जगात इतक्या वेळा दात घासणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

एका रविवारी आम्ही मुरब्याला जेवायला गेलो होतो. पापलेटचं कालवण, तांदळाची भाकरी. पोट तुडुंब भरलं आणि ठरल्याप्रमाणे माझे पाय घरामागे वळले. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात. त्यांच्या आडोशाला उभं राहून मी सिगारेट पेटवली. दोन झुरके झाले नसतील, तोच बोंबलांच्या रांगेपलीकडून सासूबाईंचं तोंड दिसलं. बोट तोंडात होतं, ते त्यांनी बोलण्यापुरतं बाहेर काढलं.

"जावय, ह्ये बोंबील लोकं खातात. त्यांना तुमच्या धुराचा वास लागला तं कोण घेल?"

मी म्हणालो, "आई, तुमच्या बोटावर काय आहे?"

"दात घासते मी."

"तंबाखूच ना ती?"

"तंबाखू नाय. मशेरी हाय."

"मशेरी कशाची करतात?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "दातांसाठी करतात," त्या म्हणाल्या.

आमचा आवाज चढत गेला तशी बायको बाहेर आली. मी शिफ्टच्या भाषणाच्या सुरात आईंना सांगत होतो की निकोटीन धुरातून जावो नाहीतर हिरड्यांतून, पोचतं एकाच ठिकाणी. आणि त्या मला सांगत होत्या की त्यांना कसलंही व्यसन नाही, नाही मिळाली मशेरी तर फक्त डोकं दुखतं, हातपाय गळतात आणि माणसाचा जीव घ्यावासा वाटतो, बाकी काही नाही. बायकोने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात दोन मुलं भांडली की ती असंच करत असणार.

"तुम्ही दोघं एकमेकांचं सोडवायला निघालाय ना," ती म्हणाली, "मग सोडाच. दोघांनी. आजपासून."

माझं तोंड उघडण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "मी सोडेन. ह्यांचा काय भरवसा नाय."

आता मागे हटलो असतो तर मुरब्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी खिशातलं पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी कमरेला खोचलेली पत्र्याची डबी काढून माझ्या हातात ठेवली. शत्रूच्या तलवारी घ्याव्यात तशा आम्ही त्या वस्तू घेतल्या. डबी आणि पाकीट दोन्ही समुद्रात फेकून द्यायचं कोणालाच सुचलं नाही, किंवा सुचूनही कोणी बोललं नाही.

पहिला दिवस मोठ्या तोऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर माझ्या डोक्यात कुणीतरी मिक्सर सुरू केला. कशावर लक्ष लागेना. हात रिकामा आहे हे त्या हातालाच पटेना. तो आपणहून खिशात जायचा, चाचपायचा, निराश होऊन बाहेर यायचा. मी एका पंपावर ओरडलो. माणसावर नाही, पंपावर. घरी आल्यावर टीव्हीवर कुठल्याशा बिस्किटाच्या जाहिरातीत एक आजोबा नातवाला स्टेशनवर सोडायला आले, तर माझे डोळे भरून आले. बायको बघतच राहिली.

तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. बायको शाळेत गेली आणि मी ती डबी शोधून काढली. फक्त बघायला. मग फक्त वास घ्यायला. मग मनात अत्यंत तर्कशुद्ध विचार आला, की मी सिगारेट सोडली आहे, मशेरीबद्दल आपलं काहीच ठरलेलं नाही. ती तर सासूबाईंनी सोडली आहे. पुढे मला कळलं की तलफ माणसाला वकील पुरवते, तोही फुकट. मी आरशासमोर उभा राहिलो, बोटावर मशेरी घेतली आणि सासूबाईंना घासताना पाहिलं होतं तशी, अगदी मनापासून घासली.

सवय नसलेल्या माणसाने जे करू नये ते मी केलं होतं. आधी हिरड्यांना झिणझिण्या आल्या. मग आरसा हळूच डावीकडे गेला. मग बेसिन त्याच्यामागे निघालं. घाम फुटला, उचकी लागली, आणि मी बाथरूमच्या फरशीवर बसून बादलीला मिठी मारली. वीस वर्षं रोज ओढणारा मी, एवढ्याशा चिमटीने बादलीला धरून बसलो होतो. त्यात मोबाईल वाजला. सासूबाई.

"जावय," त्यांचा आवाज दबका होता, "ह्या तुमच्या कांड्यांची तंबाखू कसली वो? भाजली तं काय बरी होत नाय."

उचकी गिळत मी विचारलं, "तुम्ही सिगारेट भाजली?"

"सिगारेट नाय भाजली. ती फोडली, आतली तंबाखू काढली, ती भाजली. सगली. सुनेला वास गेला, आता ती इचारते काय जळला."

"लावलीत?"

"लावली ना. कडू लागते." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुमाला उचकी कसली लागली?"

मी सांगितलं. मग सासूबाई हसायला लागल्या. त्या हसल्या की आधी नुसता श्वास ऐकू येतो आणि मग एकदम भरती. मीही हसायला लागलो, बादली हातात तशीच, उचकीवर उचकी. हसता हसता ओकलो आणि ओकून झाल्यावर पुन्हा हसलो. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आम्ही दोघं इतकं हसलो नव्हतो. खरं तर आम्ही फारसं बोललोच नव्हतो. जेवायला या, निघतो, सांभाळून जा, एवढंच.

बायकोला हे सांगायचं नाही असं ठरलं. तिला संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. तिकडून तिच्या वहिनीने जळक्या तव्याचं सांगितलं, इकडे माझ्या दातांत काळे कण होते.

तिने पुढचे दोन निर्णय घेतले. उरलेली मशेरी संडासात गेली. आणि त्याच आठवड्यात आम्हा दोघांना रिक्षात कोंबून तिने बोईसरच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. सासूबाईंना वाटेत सांगितलं होतं की जावयाला दाखवायचं आहे, आणि मला सांगितलं होतं की आईला दाखवायचं आहे.

डॉक्टरबाईंनी आधी मला ऐकून घेतलं. ताण असतो, कामच तसं आहे, एक ओढली की बरं वाटतं, वगैरे. त्या म्हणाल्या, "बरं वाटतं ते खरं आहे. पण मागची सिगारेट उतरते म्हणून तुम्ही अस्वस्थ होता, आणि पुढची ओढून ती अस्वस्थता घालवता. आणि श्रेय मात्र सिगारेटला देता."

घट्ट बूट घालून हिंडायचं, संध्याकाळी काढल्यावर किती बरं वाटलं म्हणून बुटाचे आभार मानायचे, असं मी इतकी वर्षं करत होतो तर.

मग सासूबाईंचा तोंड उघडायचा नंबर आला. त्यांनी अगदी अभिमानाने उघडलं. डॉक्टरबाईंनी टॉर्च लावून, खालचा ओठ ओढून बराच वेळ बघितलं. ओठाच्या आत एक पांढुरका चट्टा होता. बायकोने माझं मनगट धरलं होतं ते मला नंतर दुखलं तेव्हा कळलं.

"हा तुम्ही तंबाखू लावता तिथेच आलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता घाबरायचं कारण नाही. पण मशेरी बंद केली पाहिजे, पूर्ण. बहुतेकदा चट्टा मग आपणच जातो. नाही गेला तर तपासू. मला पुन्हा येऊन दाखवायचं."

सासूबाईंनी तोंड मिटलं. "दातांना काय होनार नाय ना पण?"

"दात तुमचे माझ्यापेक्षा बरे आहेत. मशेरीमुळे नाही, तुमच्या नशिबाने."

मला त्यांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं आणि ते कसं वापरायचं ते समजावलं. मग दोघांना मिळून एक गोष्ट सांगितली, ती माझ्या लक्षात राहिली. शरीर काही आठवड्यांत मागणं कमी करतं, पण डोक्याला जागा आणि वेळा पाठ असतात. चहाचा कप, गेट, ओटा, पहाट. ती वेळ आली की तलफ येणारच. ती चढते, आणि काही केलं नाही तरी थोड्या मिनिटांत उतरते. "तेवढा वेळ काढायचा," त्या म्हणाल्या. "कसाही. गप्पा मारा, चाला, गाणं म्हणा."

गाणं आम्हा दोघांनाही येत नाही. म्हणून असं ठरलं की तलफ आली की एकमेकांना फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेटवर मोबाईल मागितला आणि टपरीकडे पाठ करून नंबर लावला. सासूबाई बाजारात बसल्या होत्या. त्यांनी फोन उचलला, "हां जावय, बोला," म्हणाल्या आणि तो बहुतेक टोपलीच्या कडेला टेकवून दिला, कारण पुढे मला जे ऐकू आलं ते माझ्यासाठी नव्हतंच.

"ताजी नाय? डोळं बघ मावशी तिचं, तुझ्यापेक्षा चांगलं दिसतंय तिला!... अगो, हात लावू नको, घ्यायची तं घे... पापलेटाचा भाव इचारते आन बोंबील मागते... हां, जावय, हाय मी, तुमची गेली काय?"

गेली होती. मी केव्हाच विसरलो होतो. मशेरी सुटल्याने सासूबाईंची जीभ अशी तिखट झाली होती की गिऱ्हाइकं मासळी घ्यायला येत होती की बोलणी ऐकायला, कळत नव्हतं. रोज अकराला मी ते लाईव्ह ऐकायला लागलो. एक दिवस केमिस्ट सिगारेट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "सर, किससे बात करते हो रोज? हँसते बहुत हो." मी फोन स्पीकरवर टाकला. एक बाई सुरमईच्या तुकड्यावरून भांडत होती आणि सासूबाई तिच्या तीन पिढ्यांची कंजुषी मोजून दाखवत होत्या. केमिस्टची सिगारेट हातातच जळून संपली.

माझा अकराचा प्रश्न असा सुटला. सासूबाईंचा होता पहाटेचा. मशेरी लावल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडायचाच नाही. एकदा त्यांनी मला सांगितलं, "सगली निजलेली असतात तवा मी ओट्यावर बसायची. ना भांडी, ना मासळी, कोन हाक मारनार नाय. तेवडाच टाइम माझा. आता उठते तं समजत नाय, काय करू." हे बोलताना त्या हसत नव्हत्या. मशेरी म्हणजे त्यांच्यासाठी एक बसायची जागा होती, हे मला त्या दिवशी उमगलं. माझी सिगारेटसुद्धा कारखान्याच्या गेटबाहेर पडायचं कारणच होती की.

मग पहाटे त्या ओट्यावर बसून मला फोन करायला लागल्या. मी बिछान्यात डोळे मिटून "हं, हं" करायचो. त्या मला समुद्राला ओहोटी आहे की भरती, कोणाची होडी लागली, कुठला कुत्रा व्याला, सगळं सांगायच्या. बायको उशीत तोंड खुपसून पुटपुटायची, "माझ्याशी पण कधी एवढी बोलली नाही ही."

आणि मग माझं नाक परत आलं.

ते एकदम आलं. मी सकाळी मोटरसायकलवरून कामाला निघालो होतो आणि एका वळणावर अचानक मला ओल्या मातीचा, शेणाचा आणि कुणाच्यातरी चुलीवर करपलेल्या दुधाचा वास आला, तिन्ही वेगवेगळे. मी गाडी थांबवली. पुढे वसाहतीत शिरलो तर प्रत्येक कारखान्याचा वास निराळा! कुठे सडकी अंडी, कुठे बदाम, कुठे नेलपॉलिश. इतकी वर्षं मी त्या घाणीतून नाक असून नसल्यासारखा जात होतो. लोक नाकाला रुमाल लावून जातात तिथे मी मान वळवून वळवून हुंगत निघालो होतो, लग्नाच्या पंगतीत शिरल्यासारखा.

त्यानंतर मी कशाचाही वास घ्यायला लागलो. पालघरजवळच्या माहीमहून आणलेली विड्याची पानं, नवी वही, ओला टॉवेल, जिऱ्याची फोडणी. बायको भाजी चिरत असताना मी तिच्या मानेजवळ नाक नेलं, तर ती विळीवरून उठलीच. "काय झालंय तुला?"

"तुझ्या केसांना शिकेकाईचा वास येतो."

"वीस वर्षं तेच लावते मी," ती म्हणाली. पण विळीवर परत बसताना तिने केस मोकळे केले.

या नव्या नाकाने मला कारखान्यात एकदा तोंडघशी पाडलं. उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी राउंडवर असताना मला गोडसर, तीव्र वास आला. आमच्याकडे एक सॉल्व्हंट आहे, त्याचा वास थेट असाच, पिकल्या फळासारखा. ते गळत असेल तर खेळ खल्लास. मी आजूबाजूच्यांना विचारलं. कुणालाच काही येईना, बहुतेक सगळे ओढणारे. माझी खात्री पटली की हे फक्त मलाच कळतंय, आणि मी भोंगा वाजवला.

सगळा विभाग बंद. माणसं रांगेने बाहेर, मोकळ्या जागेत, डोकी मोजणं, अगदी शिस्तीत. सुरक्षा विभागाची दोघं गळती शोधायचं यंत्र घेऊन आत गेली. आम्ही उन्हात उभे. मी मनातल्या मनात माझ्या सत्काराचं भाषणसुद्धा बसवत होतो. थोड्या वेळाने ती दोघं बाहेर आली. त्यांनी हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं.

केमिस्टने मान खाली घातली. "सर, वो मेरा है। गाँव ले जाना था। लॉकर में रखा था।"

फणस होता. पिकून फुटायला आलेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खी रांग फुटली. मॅनेजर चिडले होते, पण तेही तोंड फिरवून हसत होते. गावाला तो जाणार नव्हताच आता, तिथेच कापला. हाताला लावायला तेल नव्हतं, म्हणून सगळ्यांचे हात चिकट, आणि त्या चिकट हातांनी आम्ही मोकळ्या जागेत उभं राहून गरे खाल्ले. इतकी गोड चव मी कधी घेतली नव्हती, की घेतली होती आणि कळली नव्हती, कोण जाणे.

माझी खरी परीक्षा झाली ती आनंदात. वाईट दिवसांसाठी मी तयार होतो. भांडण, ब्रेकडाऊन, नाइट शिफ्ट, सगळ्यासाठी च्युइंगम खिशात होतं. पण काही महिन्यांनी केमिस्टला मुलगी झाली. तो गेटबाहेर पेढे वाटत होता, डोळ्यांत पाणी, सगळ्यांना मिठ्या मारत होता. कुणीतरी सिगारेट पुढे केली आणि मी ती घेतली. विचार नाही, भांडण नाही, वकीलही नाही. पेढ्यासारखी घेतली.

तिची चव घाण होती. तरी मी ती पूर्ण ओढली. आणि संध्याकाळी घरी जाताना एक पाकीट घेतलं, कारण डोकं म्हणत होतं, आता मोडलंच आहे तर काय राहिलं. त्या एका वाक्याने मला आजवर जितक्या वेळा परत ओढलं असेल तितक्या वेळा तलफेनेही नसेल.

पहाटेच्या फोनवर मी सासूबाईंना सांगून टाकलं. मला वाटलं, त्या हसतील.

"किती वडल्या?"

"एक. मग रात्री आणखी दोन."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या पहाटे फोन आलाच नाही. अकराला मी केला, उचलला नाही. मी टपरीवर गेलो, एक ओढली, मजा आली नाही. केमिस्ट म्हणाला, "माताजी नाराज हैं क्या?"

पुढच्या दिवशी अकराला मी गेटबाहेर आलो, तर रस्त्यापलीकडे टपरीच्या शेजारी सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. पुढे मासळीची पाटी, पाटीवर ओलं फडकं, हातात कोयता. टपरीवाला त्यांच्याकडे बघत होता, त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"आई, तुम्ही इथे?"

"धंदा करायला आली. रस्ता काय तुमच्या कंपनीचा हाय?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझा चट्टा कमी झाला. डॉक्टरीन तेरवा बोलली. मी एकटी गेली हुती. तुमाला सांगनार हुती, तं तुमी आपलं पुराण लावलंत." आणि मग पुन्हा मोठ्याने, टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता वडा बघू. माझ्या पुढ्यात वडा."

कुणीच ओढेना. माझं सोडाच, बाकीच्यांनीही पाकिटं खिशात ढकलली. केमिस्टने लगबगीने विचारलं, "माताजी, ये कौन सी मछली है?" त्याने आयुष्यात मासा खाल्लेला नव्हता.

मी खिशातलं पाकीट काढून टपरीवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सासूबाईंनी ते नीट पडलं की नाही हे मान उंच करून बघून घेतलं.

आठवडाभर त्या रोज आल्या. मांदेली, करंदी, बोंबील. पाटी रिकामी व्हायला लागली. शिफ्ट सुटताना कामगार पिशव्या घेऊन उभे राहायला लागले. आठवडा संपला तरी त्या यायच्या थांबल्या नाहीत, कारण बोईसरच्या बाजारापेक्षा इथे घासाघीस कमी, असं त्यांच्या ध्यानात आलं. टपरीवाला आधी कुरकुरला, मग त्यानेच त्यांना सावलीसाठी ताडपत्री बांधून दिली.

या वर्षी मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी दुपारीच मुरब्यात बँड सुरू झाला. दर लग्नात मी पहिल्या गल्लीपर्यंत नाचायचो, मग छाती धरून कुणाच्यातरी ओट्यावर बसायचो आणि श्वास परत आला की पहिली गोष्ट म्हणून सिगारेट पेटवायचो. या वेळी पहिली गल्ली गेली. दुसरी गेली. मला दम लागेना. मी स्वतःलाच घाबरून थोडा नाचलो, मग खुशाल नाचलो. हळद डोळ्यांत, अंगाला घाम, वर वाळत्या बोंबलांचा वास, बाजूला अबोलीचे गजरे, आणि हे सगळं मला एकाच वेळी कळत होतं. बायको शिक्षिकेचा सगळा आब सोडून समोर नाचत होती.

मंडपाच्या टोकाला कुणीतरी सिगारेट पेटवली. वास आला आणि अजूनही, इतक्या महिन्यांनीही, आतून काहीतरी उठून उभं राहिलं. मी तिकडे बघितलं. सासूबाईंनी मला बघताना बघितलं. त्यांनी माझा हात धरला, जोरात, कोयता धरतात तसा.

"चढली काय?"

"चढली."

"मंग नाचा. उतरंल."

आणि सासूबाई पुढे, मी मागे, आम्ही थेट समुद्रापर्यंत नाचत गेलो. बँडवाले मागे पडले, त्यांना दम लागला होता.